विचारावं न लागणारं जेवण

विमानानं लेहला पोचलेल्या माणसानं पहिले दोन दिवस काही करायचं नसतं. डॉक्टर हे सांगतात, विमानतळावर ध्वनिक्षेपकातून ऐकू येतं, टॅक्सीवालाही सांगतो, आणि ज्यांच्या घरी उतरायचं त्या बाई तर तुमची बॅग तुमच्या हातून काढूनच घेतात. गाव साडेतीन हजार मीटरवर आहे. हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण दोन-तृतीयांश, म्हणजे दर श्वासाला मिळणारा प्राणवायूही त्याच हिशेबानं कमी. शरीर त्याच्याशी जुळवून घेतं, पण त्याला वेळ लागतो. तो दिला नाही तर डोकं ठणकतं, मळमळतं, आणि दुर्लक्ष केलंच तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. म्हणून पाणी भरपूर प्यायचं, जिना थांबत थांबत चढायचा, आणि खारदुंग ला, पँगाँग ही नावं तिसऱ्या दिवसावर टाकायची. बहुतेक प्रवासी हे दोन दिवस वाया गेले असं धरून चालतात. मला तेवढेच दोन हवे होते.

सप्टेंबरातला शनिवार-रविवार, सोमवारी सकाळच्या विमानानं परत. मी पुण्यात राहते, शाळेत शिकवते, माहेर रत्नागिरीचं. एकटीच चालले म्हटल्यावर घरच्यांनी विचारलं, ‘बघणार काय दोन दिवसांत?’ बघायचं फारसं नव्हतंच. कुणाच्या चहाची वेळ नाही, कुणाला उठवायचं नाही, आणि डोळ्यांपुढे मोठे डोंगर, एवढंच मागणं होतं. त्यातही लेहच का, याचं खरं कारण मात्र जेवणाचं होतं.

मुसलमान घरातली बाई सुट्टीवर निघते तेव्हा एक काम तिच्याबरोबर निघतं. हॉटेलात बसलं की विचारायचं, मटण कुठून आणता? हलाल म्हणजे डुकराचं मांस नको, एवढंच पुष्कळांना ठाऊक असतं. जनावर धारदार सुरीनं, अल्लाहचं नाव घेऊन कापलेलं असणं, त्याचं रक्त वाहून गेलेलं असणं, हेही त्यात येतं. शिवाय रश्श्यात वाइन पडली आहे का, पुडिंगमधलं जिलेटिन कशाचं, त्याच कढईत आधी काय तळलं, हे प्रश्न असतातच. वेटर आत जाऊन येतो आणि म्हणतो, ‘हो मॅडम, सगळं हलालच आहे.’ तो ज्या घाईनं म्हणतो तीवरूनच कळतं की त्यानं आत कुणाला विचारलेलं नाही. मग पनीर मागवायचं. लहानपणी आम्ही महाबळेश्वरला जायचो तेव्हा अम्मी तांदळाच्या भाकऱ्या आणि दोन दिवस टिकेल असं सुकं मटण बांधून घ्यायची. डबा संपला की पुढे डाळभात. कुणी आमच्याशी वाईट वागलं असं नव्हे. पण दर जेवणाआधी आपण कोण ते सांगावं लागायचं, आणि अब्बा ते हळू आवाजात सांगायचे. तो हळू आवाज माझ्या लक्षात राहिला आहे.

आमच्या सोसायटीतल्या माळकरी काकूंना मला हे समजावून सांगावं लागत नाही. प्रवासात त्याही विचारतात, वडे तळले ते तेल कशाकशाचं आहे? वर्गातल्या जैन मुलीची आई सहलीच्या आधी मला फोन करते. ज्याच्या ताटाला सीमा आहे त्याला माहीत असतं की भूक लागल्यावर चौकशी करायला किती जिवावर येतं. विश्रांती म्हणून माणूस जे काही शोधत डोंगरावर जातो, त्यात ही चौकशी नसणं फार वर येतं, निदान माझ्या बाबतीत तरी.

मी उतरले ते घर चांगस्पा भागात होतं. घरमालकीण बौद्ध, साठीच्या पुढच्या. लडाखमध्ये वडीलधाऱ्या बाईला आमा-ले म्हणतात, तसंच मीही म्हणू लागले. खोलीला दक्षिणेकडे मोठी खिडकी. खिडकीखाली सातूचं कापलेलं शेत, त्यापुढे पॉप्लरची रांग, सिंधूचं खोरं, आणि पलीकडे स्तोकची रांग, तिच्यात ६,१५३ मीटरचा स्तोक कांग्री. माझ्या माहेरी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, इथे शंभराच्या आसपास. डोंगरांवर झाड नाही, झुडूप नाही. उघडा खडक, तांबूस, राखी, मध्येच जांभळट, आणि माथ्यावर बर्फ. पावसाच्या मुलखातल्या डोळ्यांना आधी हे रितं वाटतं. नंतर तासभर बसून राहिलं की कळतं, हिरवाईनं झाकलेलं नसल्यामुळे इथे डोंगराचा आकारच दिसतो, घडी न् घडी, आणि ऊन सरकेल तसा तो बदलत जातो. मी शनिवारची सगळी दुपार हे बघत बसले होते. पुस्तक मांडीवर होतं, उघडलं नाही.

प्रवाशाला नमाजातही सूट आहे. चार रकातींच्या जागी दोन. प्रवासात माणूस थकलेला असतो हे धर्मानंच गृहीत धरलं आहे, आणि इतक्या उंचीवर, जिथे वाकून उठलं तरी धाप लागते, तिथे ती सूट मला फार मायेची वाटली. कोकणात आम्ही पश्चिमेच्या जरा उत्तरेकडे तोंड करून उभे राहतो. लेहमध्ये पश्चिमेच्या जरा दक्षिणेकडे वळावं लागतं. त्यामुळे नमाजाला उभी राहिले की खिडकीतल्या रांगेचं उजवं टोक डोळ्यांच्या कडेला येत होतं.

संध्याकाळी आमा-लेंनी स्वयंपाकघरात बोलावलं. लडाखी घरातलं स्वयंपाकघर हीच बैठकीची खोली. भिंतभर फळ्या, त्यांवर तांब्या-पितळेची भांडी ओळीनं मांडलेली, मध्ये लोखंडी चूल, भोवती गालिचे आणि बुटकी, रंगवलेली मेजं. चुलीवर कुकर. इतक्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, त्यामुळे उघड्या भांड्यात मटण शिजता शिजत नाही. त्या रात्री स्क्यू होतं. कणकेचे अंगठ्यानं दाबून केलेले छोटे गोळे, सलगम, गाजर, बटाटा आणि हाडासकट मटण, सगळं एकत्र रटरटवलेलं. मसाला जवळजवळ नाहीच. मी सवयीनं तोंड उघडणार तोच त्यांनी वाडगा माझ्यापुढे ठेवला आणि हिंदीत म्हणाल्या, ‘खाओ बेटी, मटण बाजारातल्या कसायाकडचं आहे. इथे कापणारे मुसलमानच. आम्ही कापत नाही.’

हे त्या मला धीर द्यायला म्हणाल्या नाहीत. मटण कुठलं, एवढंच सांगितलं. मी विचारलं नव्हतं आणि त्यांनी माझ्यासाठी वेगळं काही केलंही नव्हतं. त्यांच्या घरात शिजायचं तेच शिजलं होतं. शेजारच्या मेजावर घरातले दोघे पुरुष छांग, म्हणजे सातूची दारू, घेत होते. लडाखी पाहुणचारात छांगचा आग्रह पुन्हा पुन्हा करायची रीत आहे. माझ्याकडे ते भांडं वळलंच नाही, चहाची किटली वळली. नकार द्यायची वेळ येऊ न देणं ही आदराची फार वरची पायरी आहे असं मी मानते.

रात्री झोप तुटक लागली, उंचीवर लागतेच तशी. पडल्या पडल्या मी त्या कसायाचा विचार करत राहिले. लडाखात हिवाळ्यात ताजी भाजी अजूनही कमीच मिळते, आणि पूर्वी तर महिनोन् महिने मिळत नसे. मांसावाचून तग धरणं कठीण. पण बौद्ध माणसाला जीव घेणं पाप. या पेचातून हिमालयापलीकडच्या बौद्धांनी वाटा काढल्या. लहान लहान जनावरं पुष्कळ मारण्यापेक्षा एक मोठं मारावं, म्हणजे एका जिवात अनेकांचं भागतं, ही एक. आणि सुरी दुसऱ्याच्या हाती असावी, ही दुसरी. ल्हासातही मुसलमान कसाई होते, लेहमध्येही आहेत. त्यामुळे सर्वांत मोठा समाज बौद्धांचा असलेल्या या गावच्या बाजारातलं मटण हे आपोआप हलाल. कुणी पाटी लावून ते तसं केलेलं नाही.

यात एक बोचरी बाजू आहे, ती टाळून पुढे जाणं बरोबर नाही. मांस मी खाईन आणि पाप त्याच्या माथी राहील, असाही या व्यवस्थेचा अर्थ निघू शकतो. मग तो माणूस गरजेचा असूनही जरा खालचा ठरतो. पण त्या कसायाच्या बाजूनं पाहिलं तर त्याला ते पाप वाटतच नाही. तो नाव घेतो. हा जीव माझा नव्हे, ज्यानं दिला त्याच्या परवानगीनं घेतो आहे, असं म्हणून सुरी चालवतो. बौद्ध माणूस हात मागे घेतो आणि मुसलमान माणूस नाव घेतो, दोघांनाही जीव घेणं ही साधी गोष्ट वाटत नाही. हलाल या गोष्टीकडे बाहेरचे लोक बंधन म्हणून पाहतात. मला त्यात हा जडपणा दिसतो, आणि तो असावा असं वाटतं. प्लास्टिकच्या थैलीत तुकडे घेऊन घरी येणाऱ्या आपल्या शहरी माणसांनी तो बहुतेक हरवला आहे.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. आपल्या गावगाड्यात मुलाणी होता, अजूनही पुष्कळ गावांत आहे. जत्रेला, नवसाला बकरं कापायचं तर मुलाण्याला बोलावणं जायचं. तो कलमा म्हणून सुरी फिरवायचा, आणि त्याचा वाटा त्याला मिळायचा. त्र्यंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त बलुतेदारांच्या बरोबरीनं त्याचीही दखल आहे. देव हिंदूंचा, नवस मराठ्याचा, सुरी मुलाण्याची, आणि पंगत गावाची. माझे सासरे सातारा जिल्ह्यातले. ते सांगत, त्यांच्या गावात पाव्हण्याला मटणाबद्दल विचारायची पाळी कधी आलीच नाही, कारण सगळ्या गावात कापणारा माणूस एकच होता. आमा-लेंचं वाक्य ऐकल्यावर मला ते आठवलं. विश्वास वेगळा कमवावा लागत नव्हता, तो कामाच्या वाटणीतच होता.

रविवारी सकाळी डोकं हलकं होतं. हळूहळू चालत मुख्य बाजार गाठला. बाजाराच्या वरच्या टोकाला जामा मशीद, तिच्या पाठीवर खडकावर सेंगे नामग्यालचा नऊ मजली राजवाडा. ही मशीद पहिल्यांदा १६६६-६७ च्या सुमारास उभी राहिली असं सांगतात, लडाखचा राजा आणि औरंगजेबाचा काश्मीरमधला सुभेदार यांच्यातल्या करारानंतर. हल्लीचं रूप पुष्कळ नवं आहे. हाकेच्या अंतरावर बौद्धांचा चोखांग विहार, बाजाराच्याच अंगाला शियांची मशीद, आणि थोडं बाजूला मोरेव्हियन ख्रिश्चनांचं चर्च, ज्यांचं मिशन इथे १८८५ पासून आहे. एवढं सगळं एका छोट्या बाजारात.

मशिदीमागच्या अरुंद गल्लीत नानवायांची, म्हणजे रोटी भाजणाऱ्यांची, दुकानं आहेत. दुकान म्हणजे काळवंडलेली खोली आणि जमिनीत पुरलेला तंदूर. एक जण कणीक तोडून गोळे करतो, दुसरा ते बोटांनी दाबून त्यांवर खाचा पाडतो, तिसरा तंदुराच्या तोंडाशी बसून कापडाच्या गादीवरून रोटी आतल्या भिंतीवर थापतो आणि लोखंडी सळ्यांनी भाजलेली ओढून काढतो. काश्मिरी गिरदा, पातळ लवासा, आणि लडाखी खंबीर, गव्हाच्या आंबवलेल्या कणकेची, जाड, बाहेरून कडक, आतून जाळीदार. वास गल्लीच्या तोंडापासूनच येतो. माझ्यापुढे रांगेत डोक्याला रुमाल बांधलेली मुसलमान मुलगी होती, तिच्यापुढे गोंचा, म्हणजे लडाखी लांब झगा, घातलेले एक वृद्ध. त्यांच्या उजव्या हातात प्रार्थनाचक्र फिरत होतं आणि डाव्या हातात रोट्यांसाठी आणलेलं कापड होतं. त्यांनी पाच घेतल्या, कापडात बांधल्या, ‘जुले’ म्हणून निघाले. नानवायानंही ‘जुले’ म्हटलं, आणि मग मुलीच्या सलामाला उत्तर दिलं. मी खंबीर घेतली, बाजारात फुटपाथवर बसलेल्या बायकांकडून सुकवलेले जर्दाळू घेतले, आणि पलीकडच्या टपरीवर नून चाय मागितला. खारा, गुलाबी, वर साय. गरम रोटी चहात बुडवून खाताना माझ्या तोंडून एकही प्रश्न निघाला नव्हता, सकाळपासून. तेव्हा मला खरी सुट्टी लागल्यासारखं झालं.

या रोटीला इथवर आणणाऱ्या रस्त्यांपैकी यारकंदकडचा आता बंद आहे. काराकोरम खिंड ओलांडून यारकंदचे व्यापारी इथे यायचे, काश्मीरचे व्यापारी चांगथांगच्या पश्मिन्यासाठी यायचे. काही इथेच राहिले, लडाखी बायकांशी लग्नं केली. त्यांच्या वंशजांना अर्गोन म्हणतात. गलवान नदी ज्यांच्या नावानं ओळखली जाते ते गुलाम रसूल गलवान लेहचेच. काफिल्याबरोबरचा पोरगा म्हणून निघालेल्या या माणसाचं आत्मचरित्र १९२३ साली छापलं गेलं. आणि सगळ्यांत विलक्षण मला वाटतो तो लोपचाक. लेहहून ल्हासाला दलाई लामांकडे दर काही वर्षांनी जाणारी, बौद्ध राजाच्या काळात सुरू झालेली ही नजराण्याची स्वारी, पण तिची व्यवस्था पिढ्यान् पिढ्या लेहच्या एका मुसलमान व्यापारी घराण्याकडे असायची. त्या घराण्यातल्या अब्दुल वाहिद राधूंनी १९४२ च्या स्वारीतल्या प्रवासाचं पुस्तक लिहून ठेवलं आहे.

म्हणून १९८९ अधिकच लागतं. त्या वर्षी लेहमध्ये बौद्धांनी मुसलमानांवर सामाजिक बहिष्कार घातला, आणि तो १९९२ पर्यंत चालला. मुसलमानाच्या दुकानातून घ्यायचं नाही, त्याच्या घरी जेवायचं नाही, त्याला जेवायला बोलवायचं नाही. ज्या घराण्यांत आजी बौद्ध आणि नातू मुसलमान, तिथेही चूल तुटली. आमा-लेंना मी रविवारी रात्री त्याबद्दल विचारलं. त्या थोडा वेळ चुलीत शेण्या सारत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘बुरा वक़्त था. लोक रात्री मागच्या दारानं एकमेकांकडे जायचे.’ त्यापुढे त्या बोलल्या नाहीत, मीही खोदलं नाही. बहिष्कार पहिला ताटावर आला, हे मात्र मी मनात लिहून ठेवलं. माणसं तोडायची असली की एकत्र जेवणं आधी बंद करतात. २०१९ साली लडाख केंद्रशासित झाल्यानंतर, जमीन आणि नोकऱ्यांच्या संरक्षणासाठी, राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीसाठी, लेहच्या आणि कारगिलच्या संघटना एका मंचावर आल्या. बौद्ध आणि मुसलमान पुढारी शेजारी बसले. हे टिकावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सोमवारी सकाळी विमानतळाकडे जाताना आमा-लेंनी दोन खंबीर आणि लोणी बांधून दिलं. दिल्लीच्या विमानतळावर मी ते खाल्लं. तिथल्या काउंटरवरही काय काय होतं, पण तिथे पुन्हा विचारावं लागलं असतं.

आता दोन गोष्टी सांगायच्या आहेत, दोन वेगळ्या लोकांना. एकट्यानं किंवा एकटीनं लेहला जाणाऱ्यांनो, पहिले दोन दिवस खरोखरच काही करू नका, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जामा मशिदीमागच्या गल्लीत जा, धर्म कोणताही असो. रोटी गरम असते तोवरच तिची गंमत. आणि महाबळेश्वर, माथेरान, भंडारदरा, आंबोली इथे घरगुती जेवणाच्या पाट्या लावणाऱ्या ताई-दादांनो, मांसाहारी जेवणाच्या दरपत्रकाखाली एक ओळ लिहा: मटण-कोंबडी कुठून येते, हलाल की झटका, आणि शाकाहारी स्वयंपाकाची भांडी वेगळी आहेत की नाहीत. ज्याला हलाल हवं त्याला कळेल, ज्याला नको त्यालाही कळेल, माळकरी काकूंनाही कळेल. जे असेल ते खरं लिहा, नसेल तर नाही म्हणून लिहा. पाहुणा मग हळू आवाजात विचारणार नाही.